अंगारकीच्या दिवशी उघडा राहिलेला नळ

राजूरला गणपतीच्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं एक दुमजली घर आहे. खाली रस्त्याच्या बाजूनं एक गाळा, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मोरी. आम्ही दोघं नवरा-बायको शिक्षक. नोकरीची सगळी वर्षं भोकरदनला गेली आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिलो. राजूरचं घर बांधलं ते मुलगा कधीतरी परत येईल या आशेनं. तो पुण्याहून यायचा तो दोन दिवसांसाठी, आणि ते दोन दिवसही भोकरदनलाच काढायचा. वरच्या खोल्या बंद राहून राहून कोंदट झाल्या. मग त्यानंच एकदा माझा मोबाईल मागून घेतला आणि एका ॲपवर घराची नोंद करून दिली. लांबून दर्शनाला येणारी माणसं एक-दोन दिवसांसाठी खोल्या घेतील, म्हणाला.

"अन् त्यांनी काही मोडतोड केली तर?" मी विचारलं होतं.

"त्याचा विमा कंपनीच देते, आई. पाहुण्यांनी नुकसान केलं तर भरपाई मिळते. फोटो काढायचे, अर्ज टाकायचा, झालं."

पुढे त्यानं आणखी बरंच वाचून दाखवलं. मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

खालचा गाळा शिवणकाम करणाऱ्या एका बाईला दिलेला होता. चौथीला ती माझ्या वर्गात होती, आणि पुढे सातवीत सरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिला गणित शिकवलं. नवरा जालन्याला स्टीलच्या कारखान्यात, दोन मुली शाळेत. चाळिशीला आली तरी मला 'बाई' आणि ह्यांना 'सर'च म्हणायची. तिच्या हाताला सफाई होती. लग्नाचे ब्लाऊज शिवून घ्यायला आजूबाजूच्या गावांतून बायका तिच्याकडे यायच्या.

उन्हाळ्यात राजूरला नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही. येतं तेव्हा कधी येईल आणि किती वेळ राहील हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नसावं. वरच्या मोरीत दोन नळ आहेत. एक गच्चीवरच्या टाकीचा, दुसरा सरळ गावच्या लाईनचा. शहरातला माणूस दुसरा नळ उघडतो, पाणी येत नाही, आणि तो तसाच उघडा सोडून निघून जातो. म्हणून सरांनी एका पुठ्ठ्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात लिहून मोरीत लावलं होतं : 'बाहेर जाताना दोन्ही नळ बंद असल्याची खात्री करावी.' शाळेत असताना मधल्या सुट्टीनंतर टाकीचे सगळे नळ स्वतः फिरून बघणारा हा माणूस. गळका नळ दिसला की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे.

ती अंगारकी ऐन लग्नसराईत आली. अंगारकीला राजूरला पाय ठेवायला जागा नसते. आमच्या खोल्या नाशिककडच्या एका कुटुंबानं घेतल्या होत्या. तरुण नवरा-बायको, त्यांचं आठ महिन्यांचं बाळ आणि त्या नवऱ्याची आई. बाळाला पहिल्यांदा देवाच्या पायावर घालायचं होतं. सोमवारी संध्याकाळी मी आणि सरांनी त्यांना किल्ली दिली, दोन्ही नळ दाखवले आणि आम्ही भोकरदनला परतलो. त्यांची सून बारीक चणीची, मऊ बोलणारी. मला पहिल्याच वाक्यात 'काकू' म्हणाली.

मंगळवारी सकाळी साडेसातला सर स्कूटर घेऊन बाहेर पडले. केदारखेड्याला एका जुन्या सहकाऱ्याच्या घरी जाऊन येतो, म्हणाले. साडेदहाला परत आले, जेवले, आडवे झाले.

दीड वाजता खालच्या बाईचा फोन आला.

"बाई, जल्दी या. दुकानात पाणी घुसलंय. वरून धार लागून राह्यली, बोर्डातून चरचर आवाज येतोय. शालू हाय आतमधी, लोकाचा शालू हाय!"

ती सकाळपासून दुकान बंद ठेवून अस्तर आणि गोंडे आणायला जालन्याला गेली होती. परत येऊन शटर उचललं तर पाण्याचा लोंढा तिच्या पायावर आला.

आम्ही निघालो. गावाच्या अलीकडेच पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. स्कूटर एका ओट्याला लावून गर्दीतून वाट काढत चालत गेलो. सर माझ्यापुढे दहा पावलं. माझ्या हाकेलाही थांबत नव्हते.

ते दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे. गाळ्याच्या छताला ओल धरून काळा नकाशा उमटलेला, त्याच्या कडेनं धारा लागलेल्या. टेबलावर बारा ब्लाऊजचे कापलेले तुकडे, प्रत्येकाचा रंग शेजारच्यात उतरलेला. फॉल लावायला आलेला नवरीचा शालू घडी घालून कपाटाच्या वरच ठेवलेला होता, आणि नेमकी धार तिथंच. शिलाई मशीनची मोटार पाण्यानं भरलेली. ती बाई भिजलेल्या कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून रस्त्यात उभी. सरांनी आधी मेन स्विच पाडला. मग वर गेले.

पाहुणे आमच्या थोडेसेच आधी पोचले होते. सूनबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर बाळाला घेऊन उभी होती. पावलं घोट्यापर्यंत ओली.

"मी आले तेव्हा लाईनचा नळ धो धो चालू होता, काकू. मी बंद केला. पण सकाळी जाताना मी बघितलं होतं. दोन्ही बंद होते."

मोरीच्या जाळीवर बाळाचं दुपटं पडलेलं होतं. दोरीवरून सुटून पडलेलं असावं. त्यानं जाळी बंद झाली, मोरी भरली आणि पाणी उंबरा ओलांडून खोलीत आणि तिथून स्लॅबच्या फटीतून खाली गेलं. कोणीही बघितलं असतं तर एकच म्हटलं असतं.

सरांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बोट केलं. त्यांचा आवाज इतका चढला की खाली रस्त्यावरची माणसं थांबून वर बघायला लागली.

"हे कोणासाठी लिहिलंय? वाचता येत न्हाई का? खाली एका बाईचा संसार भिजून राह्यला!"

सुनेचा नवरा मान खाली घालून उभा राहिला. त्याची आई सुनेकडे वळली. "शेवटी बाहेर कोण पडलं? तूच ना? बाळाची पिशवी विसरली म्हणून परत आत कोण गेलं?"

बाळ रडायला लागलं, सुनेनं त्याला खांद्यावर घेतलं. अर्ध्या तासात ती माणसं सामान बांधून निघून गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी विम्याच्या मागे लागले. घराची एक जुनी पॉलिसी होती. भोकरदनचा एजंट कागद उलटून बघून म्हणाला, "बाई, पाहुण्यांकडून भाडं घेता ना? मंग ह्याच्यात बसत न्हाई. ही फक्त स्वतः राहायच्या घराची हाय." मग आवाज खाली आणून म्हणाला, "नातेवाईक आल्ते म्हणून लिहू का? बराबर बसवतो मी."

"बिलकुल न्हाई," मी म्हणाले. खोटं लिहिणार नाही, असं त्याला चांगलं सुनावलं. घरी येऊन सरांनाही सांगितलं. ते "हं" म्हणाले.

मग ॲपवरचा अर्ज. मुलानं पुण्याहून फोनवर एकेक रकाना समजावून दिला. भिजलेल्या छताचे फोटो, नळाचा फोटो, जाळीवरच्या दुपट्याचा फोटो, भिंतीवरच्या पुठ्ठ्याचा फोटो. नियम असा की आधी पाहुण्याला कळवायचं. त्यानं जबाबदारी घेतली नाही तर कंपनीकडे जायचं. पाहुण्यांनी दोनच ओळी लिहिल्या : 'नळ आम्ही बंद केला होता. आमची चूक नाही.' मी प्रकरण कंपनीकडे पाठवलं. अर्जात एक प्रश्न होता, त्या वेळेत दुसरं कोणी घरात शिरू शकत होतं का? मी लिहिलं, 'नाही. दुसरी किल्ली भोकरदनला आमच्याकडे असते.' खाली माझं नाव टाकलं.

लग्न नऊ दिवसांवर होतं. नवरीची आई दुकानात येऊन बसली. तिनं शालू उलगडला, पदर बोटांमध्ये धरून उजेडात बघितला आणि तसाच परत ठेवला. काठाचा रंग अंगभर पसरला होता. ती गेल्यावर खालची बाई मला म्हणाली, "शालूचं मी काय करू शकत न्हाई, बाई. पण बारा ब्लाऊज मला द्यावेच लागतील. न्हाई तर ह्या गावात माझ्याकडं परत कोणी कापड टाकणार न्हाई."

तिनं शेजारच्या गावातून बहिणीची मशीन आणली, नवीन कापड आणलं. मी रोज सकाळच्या बसनं राजूरला जायला लागले. काजं, हूक, हातशिलाई एवढं मला जमत होतं. ओल्या छताखाली बसून आम्ही दोघी काम करायचो. ती पाहुण्यांना शिव्या घालायची आणि मी मान डोलवायचे.

अशाच एका दुपारी त्या सुनेचा फोन आला. मी दुकानाबाहेर येऊन घेतला.

"काकू, तुम्ही अर्ज मागे घ्या असं मी म्हणत नाही. फक्त एकदा नीट विचार करा. मला पक्कं आठवतंय, मी नळ फिरवून बघितला होता. इथं घरात रोज तोच विषय चाललाय. सासूबाई म्हणतात, बाळाला पहिल्यांदा देवाला नेलं आणि तुझ्या हातून हे झालं. हेही आता म्हणतात, कबूल करून टाक ना, एकदाचं मिटव. मी जे केलंच नाही ते कसं कबूल करू?"

मागे बाळ काहीतरी बडबडत होतं.

मी काय बोलले ते मला आजही लिहायला जड जातं. मी म्हणाले, "हे बघ, आता सगळं कंपनीच्या हातात आहे. ते ठरवतील ते आपण दोघींनी मान्य करू." आणि फोन ठेवला. ह्या फोनबद्दल मी घरी सरांना सांगितलं नाही. का नाही सांगितलं, तर बहुतेक मला स्वतःलाच तो पुन्हा आठवायचा नव्हता.

दोन दिवसांनी कंपनीच्या मुलीचा फोन आला. माझी फाईल तिच्याकडे होती. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची, पण अदबीनं. "मॅडम, पाहुणे ठामपणे नाही म्हणतायत. ते निघाल्यापासून पाणी दिसेपर्यंत दुसरं कोणी वर गेलं नाही, याचा काही पुरावा आहे का? कॅमेरा वगैरे? उद्यापर्यंत पाठवलात तर मी निर्णय करून टाकते."

कॅमेरा होता. आमच्या जिन्यासमोर, रस्त्याच्या पलीकडे पेढ्याचं दुकान आहे, त्याच्या पाटीखाली. मला आनंदच झाला. हातातला ब्लाऊज खाली ठेवला आणि रस्ता ओलांडून गेले.

पेढेवाले वयस्कर गृहस्थ. त्यांनी मला स्टूल दिलं, आतल्या छोट्या टीव्हीवर मंगळवारचं चित्रण लावलं आणि पुढे पळवायला लागले. पाच चाळीसला पाहुणे उतरले. सून परत वर गेली, पिशवी घेऊन खाली आली, जिन्याच्या दाराला कुलूप लावलं. नंतर नुसती गर्दी. डोकी, हार, फुगेवाले. सहा. सात. आठ. जिन्याचं दार बंद. मी मनातल्या मनात कंपनीच्या मुलीला काय लिहायचं ते जुळवत होते.

आठ वाजून पन्नास मिनिटांनी एक माणूस गर्दीतून बाजूला झाला, खिशातून किल्ली काढली आणि कुलूप उघडून वर गेला.

पाठमोरा होता. पण पस्तीस वर्षं ज्या पाठीमागून चालले ती मला ओळखू येणार नाही का? पांढरा शर्ट, खांद्यावर निळा पंचा.

"सर आल्ते की सकाळी," पेढेवाले सहज म्हणाले. "रामराम बी झाला आमचा. पाणी यायचंय म्हनून बघायला आलो, म्हन्ले."

नऊ वाजून चार मिनिटांनी ते खाली आले. मोबाईल कानाला, बोलत बोलत एका हातानं कुलूप लावलं आणि गर्दीत शिरले. त्यानंतर दीड वाजेपर्यंत जिन्याकडे कोणी फिरकलं नाही.

पेढेवाल्यांनी खिशातून पेन ड्राईव्ह काढला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग परत माझ्याकडे. त्यांना काहीतरी उमगलं असावं. आवाज हळू करून म्हणाले, "कोणता भाग देऊ, बाई? पाच चाळीसचाच देऊ, का आठ पन्नासचा बी?"

समोर गाळ्यात ती मान खाली घालून मशीन चालवत होती. इथून तिचे हात दिसत होते.

"सगळं द्या," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "सगळं द्या, दादा."

खालच्या बाईला डोकं दुखतंय असं सांगून मी निघाले. बसमध्ये खिडकीशी बसून मुठीत पेन ड्राईव्ह धरला होता. केदारखेडा आलं तेव्हा वाटलं, उतरून त्यांच्या त्या सहकाऱ्याला विचारावं, मंगळवारी आले होते का. मग वाटलं, विचारून काय करायचंय.

सर ओसरीवर मेथी निवडत बसले होते. मी चप्पल न काढताच विचारलं.

"अंगारकीच्या सकाळी तुम्ही राजूरला गेल्ता?"

त्यांच्या हातातली काडी मोडली. मान वर झाली नाही.

"कॅमेऱ्यात दिसलं," मी म्हणाले.

ते मेथीकडे बघतच बोलले. "केदारखेड्यात कळलं, आज पाणी सोडणार. वाटलं, पाहुणे रांगेत आहेत तोवर जाऊन टाकी भरून घ्यावी. पाणी आलंय का बघायला लाईनचा नळ उघडला, नुसती हवा. आता येईल, मग येईल म्हणून उभा राहिलो. तेवढ्यात फोन आला. बोलत बोलत उतरलो अन् तसाच निघालो."

"अन् कधी आठवलं?"

"दुपारी तू म्हणालीस पाणी घुसलं, तेव्हाच. गर्दीतून जाताना देवाला म्हणत होतो, पाईप फुटलेला असू दे."

"मग त्या पोरीवर ओरडलात कशाला?"

"माहीत न्हाई." पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मोरीत गेलो, तो पुठ्ठा दिसला, माझंच अक्षर. तोंडातून तेच निघालं. एकदा निघाल्यावर परत घेता आलं न्हाई. वर पाहुण्यांच्या माघारी, त्यांना न विचारता घरात गेल्तो. ते बी नियमात बसत न्हाई. मग तू अर्ज भरलास. वाटलं, कंपनीनं दिलं तर खालच्या बाईचं भागेल. पाहुण्यांना थोडा ताप होईल, विसरून जातील चार महिन्यांत."

"थोडा ताप?"

मग मी त्या फोनबद्दल सांगितलं. सासू काय म्हणते, नवरा काय म्हणतो, ती काय म्हणाली. मी तिला काय उत्तर दिलं तेही सांगितलं. सांगताना मला राग कोणाचा येत होता हे कळत नव्हतं. एजंटला सुनावणारी मी, आणि 'नाही' असं लिहून खाली नाव टाकणारीही मीच. ह्यांना एकदा विचारलंसुद्धा नव्हतं.

सरांनी मेथीची परात बाजूला सारली. पंच्यानं हात पुसले. पुसतच राहिले.

"फोन लावून दे," म्हणाले. "तिला न्हाई. तिच्या सासूला."

मी आधी सुनेला फोन लावला. तिला एवढंच सांगितलं की तुझं बरोबर होतं, चूक आमची होती. तिनं विचारलं, "खरंच, काकू?" आणि फोन सासूकडे नेला. सर उभे राहून बोलले. सगळं सांगितलं, वेळेसकट. पलीकडून बराच वेळ मोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. ते मध्ये मध्ये "बरोबर आहे" एवढंच म्हणत होते. शेवटी म्हणाले, "तुमच्या सुनेनं नळ बंद केला होता. एवढं तिला माझ्यासमोर फोनवर सांगा, मग मी ठेवतो." त्या बाईंनी ते सांगितलं की नाही, मला ऐकू आलं नाही. सर फोन धरून उभे राहिले, मग तो हळूच माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या मुलीनं व्हिडिओ कॉल केला. रात्रीच मी तिला लिहून कळवलं होतं आणि सगळं चित्रण पाठवलं होतं.

"सर, आधीच्या अर्जात दुसरं कोणी गेलं नाही असं लिहिलंय."

"ते हिनं लिहिलं. हिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं."

तिनं आम्हाला थांबायला सांगितलं. स्क्रीनवर तिचं नाव तेवढं राहिलं. आम्ही दोघं खुर्च्यांवर ताठ बसून होतो, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर बसवलेल्या पोरांसारखे. मला वाटत होतं, आता खोट्या अर्जाचा गुन्हा वगैरे काही निघणार. सरांच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि ते पुसत नव्हते.

ती परत आली. पाहुण्यांवरचा दावा रद्द झाला होता, त्यांच्या नावावर काही राहणार नव्हतं. न विचारता घरात शिरल्याबद्दल आणि अर्जातल्या चुकीच्या माहितीबद्दल आमचं घर ॲपवरून काढलं जाणार होतं. आमच्या फरशीचं, भिंतींचं काही मिळणार नव्हतं. हे सगळं आम्ही मान डोलवत ऐकलं. मग ती म्हणाली, "खालच्या दुकानाचं मात्र वेगळं आहे. पाहुणे राहत असताना घरमालकाच्या चुकीनं तिसऱ्या माणसाचं नुकसान झालं, तर त्याचा विमा वेगळा असतो. तो तुमच्या नावे होताच. पण त्यासाठी दुकानदारबाईंना स्वतः अर्ज द्यावा लागेल. चूक कोणाची, काय झालं, स्पष्ट लिहून."

म्हणजे ज्या भरपाईसाठी आम्ही त्या पोरीला दोषी धरून बसलो होतो, ती मागायची वाट खरं बोलण्यातूनही होती. मुलानं कधीतरी ते वाचूनही दाखवलं असेल. सरांनी डोळे मिटून घेतले.

दुपारी आम्ही दोघं राजूरला गेलो. खालची बाई सातवा ब्लाऊज मशीनवर घेऊन बसली होती. सरांनी उभ्याउभ्या सांगितलं. मशीन थांबली.

"म्हंजी मी आठ दिवस त्या पोरीला शिव्या देऊन राह्यले," ती सावकाश म्हणाली, "अन् बाई, तुम्ही इथं बसून ऐकून घेत होत्या?"

"मला कालपर्यंत माहीत नव्हतं."

"तुम्हाला नव्हतं. सरांना होतं." ती उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "सर, माझं नुकसान झालं त्याचं मला इतकं न्हाई वाटत. चूक माणसाकडून होती. पण त्या दिवशी तुम्ही वर ओरडत होता तवा माझ्या बाजूनं भांडताय असं वाटलं मला. गावभर सांगितलं मी, सर माझ्यासाठी भांडले म्हणून."

ती आत गेली, माठातलं पाणी प्यायली, परत आली. "कागुद द्या," म्हणाली.

तिनं कोरा कागद टेबलावर घेतला. पहिली चार वाक्यं लिहिली आणि पेन थांबलं. 'घरमालकांच्या' एवढं लिहून झालं होतं.

"काय लिहू पुढं?"

"निष्काळजीपणामुळे," सर म्हणाले. "लिही. 'नि' ऱ्हस्व, 'पोटफोड्या ष' अर्धा."

तिनं तसं लिहिलं. त्यांनी वाकून बघितलं. "बरोबर आहे," म्हणाले. वर्गात म्हणायचे त्याच आवाजात. मग ते बाहेर जाऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. मी सुई घेतली आणि हूक लावायला बसले.

बारा ब्लाऊज लग्नाच्या आदल्या दिवशी गेले. नवरीनं दुसरा शालू नेसला. विम्याचा माणूस पंधरवड्यानं आला. कोरडा, कमी बोलणारा. त्यानं छत मोजलं, मोटार उघडून बघितली, सरांना तीनदा तोच प्रश्न विचारला आणि सरांनी तीनदा तेच उत्तर दिलं. पुढचे चार महिने कागदामागून कागद गेले. शेवटी मशीन आणि कापड मंजूर झालं. शालूची पावती कोणाकडेच नव्हती, म्हणून तो त्यांनी धरला नाही. तो आम्ही नवरीच्या आईकडे जाऊन आमच्या परीनं पैसे देऊन निस्तरला. ती दारातच बोलली, आत या म्हणाली नाही.

नाशिकच्या सुनेला मी दिवाळीला फोन केला होता. बाळ चालायला लागलं म्हणाली. घरात सगळं ठीक आहे का, असं मी विचारलं. "ठीक आहे, काकू," म्हणाली.

संक्रांतीनंतर खालच्या बाईनं गाळा सोडला. बसस्टँडकडच्या गल्लीत तिला दुसरी जागा मिळाली होती. मी थांबवून बघितलं. भाडं वाढवणार नाही, छत नवीन करून दिलंय, म्हणाले.

"रागानं न्हाई चालले, बाई," ती म्हणाली. "खरंच न्हाई. पण वर जरा पाण्याचा आवाज झाला की माझं सुईवर ध्यान राहत न्हाई. कात्री हातात असती अन् मी छताकडं बघत बसते."

सामान न्यायला एक छोटा टेम्पो आला. कपाट, टेबल, इस्त्रीचा पाट. नवी मशीन तिनं कोणालाच उचलू दिली नाही, मांडीवर घेऊन पुढे बसली. सर टेम्पोमागे दोरी आवळत होते. गाठ मारून झाल्यावर त्यांनी ती दोनदा ओढून बघितली. तिनं आरशातून ते बघितलं असावं, कारण खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "बसली, सर. घट्ट बसली. चला आता, मागं व्हा."